सात वाजून दहा मिनिटं

शनिवार, ९ ऑगस्ट. लोअर हट

पडदे शिवायचा तो रविवार आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. या घरात येऊन आठवडा झाला होता. मेघना दोन वर्षांची, रिकाम्या खोक्यात बसून "बस चालली" म्हणत होती. आईची हातमशीन जेवणाच्या टेबलावर. मी कापड धरलेलं, अरविंद हँडल फिरवतोय.

"हळू रे, टीप वाकडी जातेय."

"बाईसाहेब, मी इंजिनिअर आहे. वेग मला कळतो."

लगेच दोरा तुटला. मग सुईत दोरा ओवायची शिक्षा. चष्मा कपाळावर आणि हा चष्मा शोधतोय. बस्स, एवढंच. काही घडलं नाही त्या दिवशी. पडदे वाकडे झाले ते अजून वाकडेच लटकताहेत.

मशीन गॅरेजमध्ये सापडली. दोन तास पुसली, तेल घातलं. चालते. हँडल फिरवणारा जाऊन तीन वर्षं होतील.

परत येऊन अकरा दिवस झाले. पाच महिने तिकडे होते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कुठल्याही वहीत गावाचं नाव नको, आणि आता इथेही हात वळत नाही. त्या देशात आपलेच लोक आपल्याच लोकांवर तोफा डागताहेत आणि आम्ही एका शाळेत, बाकं भिंतीला लावून, जखमींच्या जखमा बांधून त्यांना पुढे पाठवत होतो. निवृत्तीनंतर स्वयंसेवक नर्स. मेघना म्हणाली होती, "लोक क्रूझवर जातात, आई."

ऑकलंडला उतरल्यावर विमानात सगळे घड्याळं लावत होते. माझं बरोबरच होतं. छातीवर उलटं लटकणारं हे चावीचं घड्याळ अरविंदने मी इथली परीक्षा पास झाले तेव्हा दिलं. तिकडेही मी ते न्यूझीलंडच्या वेळेवरच ठेवलं. नाडी मोजायला काय, सेकंदकाटा सगळीकडे सारखाच. आणि मान खाली घातली की कळायचं, माझी नात इरा आता शाळेतून आली, आता तिचं जेवण, आता झोपली. तेवढाच आधार.

मंगळवार, १२ ऑगस्ट

कचऱ्याची गाडी आली आणि मी ओट्याखाली. पातेलं हातात. पाचेक मिनिटांनी उठले. गुडघा दुखावला.

आरोहा कुंपणावरून पाहत होती. छत्तीस वर्षांपासूनची शेजारीण. माओरी, जन्मभर बस चालवली, आता सिल्व्हरबीटची पालेभाजी लावते आणि वाटते.

"किया ओरा, सुलू. काय शोधत होतीस खाली?"

"चमचा."

"मिळाला?"

"नाही."

"हं," म्हणाली आणि जुडी माझ्या हातात ठेवून गेली.

संध्याकाळी सलवाचा आवाज आला फोनवर. रेकॉर्ड करून पाठवते, तिकडे नेटवर्क येईल तसं पोचतं. "खाल्ती, शाळा शांत आहे, तुझी खुर्ची मी घेतली, मऊ आहे, इतके दिवस सांगितलं नाहीस!" खाल्ती म्हणजे मावशी. पहिल्या आठवड्यापासून मला तेच म्हणते. तिथलीच नर्स, एकोणतीस वर्षांची, घरात म्हातारी आई. हॉस्पिटलची नोकरी आणि उरलेल्या वेळात आमची शाळा. तिला हसताना ऐकून बरं वाटलं. मग म्हणाली, हलीमा भावाच्या घरी गेली. जखम भरतेय. "पण तिने मशीन फिरवून ठेवलीय. तोंड भिंतीकडे."

हलीमा म्हणजे बाजाराच्या तोंडाशी बसणारी शिंपीण. पायाची मशीन. आमच्या ॲप्रनना खिसे तिनेच लावून दिले होते. खिसा लावताना मापासाठी आमचे हात घालायला लावायची, "हाताला आधी आवडला पाहिजे" म्हणायची.

जूनमधला तो गुरुवार. तोफगोळा बाजारात पडला. तिला एका निखळलेल्या दारावर घालून आणलं चौघांनी. डावा पाय. मी मांडीला पट्टा आवळला, सलवाने पाय धरला. रक्त थांबलं. कपाळावर मार्करने वेळ लिहिली, तशी रीतच आहे. पट्टा कधी आवळला ते पुढच्या डॉक्टरला कळावं लागतं, कागद हरवतो, कपाळ हरवत नाही. ती काहीतरी पुटपुटत होती. सलवाने सांगितलं, "म्हणतेय आज गुरुवार, दोन झगे द्यायचे आहेत."

सलवा ट्रकमधून तिच्याबरोबर गेली. रस्त्यात तीन ठिकाणी अडवलं. पाय कापावा लागला. पुष्कळांचे कापावे लागले. हिचाही, असंच तेव्हा म्हटलं.

रविवार, १७ ऑगस्ट

मेघना आणि इरा ऑकलंडहून दोन दिवस आल्या. अल्बनीचं घर मोठं आहे, माझ्यासाठी खालची खोली आहे, तिथून मॉल चालत पाच मिनिटं, बस दर दहा मिनिटांनी. हे सगळं तिसऱ्यांदा ऐकलं.

"आई, पुढच्या वेळी जाणार नाहीयेस ना?"

"भाजीत मीठ बघ गं जरा."

"विषय बदलू नकोस."

"मीठ हा महत्त्वाचा विषय आहे."

इरा मशीनचं हँडल फिरवून खूश. "आजी, धिस इज सो कूल, इट डझन्ट इव्हन नीड पॉवर." मराठी सगळं कळतं, तोंडातून एक अक्षर निघत नाही. मी कापड धरलं, तिने फिरवलं. बाहुलीसाठी पिशवी. नऊ वर्षांच्या हाताला आजोबांपेक्षा वेग जास्त कळतो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सलवाचा निरोप. चारदा ऐकला.

तिला हॉस्पिटलमधून काढलंय. चौकशी होईपर्यंत घरी. हलीमाच्या भावाने तक्रार केली. कपाळावर सात दहा लिहिलं होतं. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा दीड वाजत आला होता. त्या गर्दीत सलवाला कुणी विचारलं नाही, कपाळच वाचलं. म्हणजे पट्टा बांधून सहा तासांच्या वर झाले. इतक्या वेळाने रक्त परत सोडलं तर माणूसच दगावतो, म्हणून त्यांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला नाही, सरळ कापला. पण बाजारात गोळा नऊला पडला. सगळ्या गावाला माहीत आहे. मग सातला पट्टा कसा बांधला?

"मी सांगितलं, मी लिहिलं. माझी चूक."

तिने नाही लिहिलं. मी लिहिलं. मार्कर माझ्या हातात होता.

पण मी सात दहा का लिहीन?

शनिवार, २३ ऑगस्ट

कळलं.

भांडी घासत होते. मान खाली. घड्याळ.

त्या सकाळी शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ हादऱ्याने खाली पडलं होतं. रोज मी तेच पाहून वेळ लिहायची. त्या दिवशी भिंत रिकामी. मी मान खाली घातली, छातीवर पाहिलं आणि दिसलं ते लिहिलं. तिथे नऊ दहा, इथे संध्याकाळचे सात दहा. दहा तासांचं अंतर. काट्यांना सकाळ-संध्याकाळ कळत नाही. मला कळायला हवं होतं.

इरा तेव्हा जेवत असेल, हेसुद्धा मनात आलं होतं. आठवतंय मला. लिहिताना आठवलं होतं.

सव्वाचार तास झाले होते हलीमाच्या पट्ट्याला. सव्वासहा नव्हे. सव्वाचारात पाय वाचतोच असं नाही. कोणी सांगू शकणार नाही. पण डॉक्टरांनी निदान उघडून पाहिलं असतं.

चाळीस वर्षं नर्सिंग. एकदाही औषधाची वेळ

सोमवार, २५ ऑगस्ट

काही खाल्लं नाही असं आरोहाने ओळखलं, सूप घेऊन आली. तिला सांगितलं. पहिली तीच. तिने मध्ये बोलायचं टाळलं, हे बसवाल्या लोकांचं चांगलं असतं, समोर पाहून ऐकतात.

मग म्हणाली, "माझ्या बसमधून एकदा एक बाई पडली. चौकशीत पहिला प्रश्न असतो, दार कुणी उघडलं. पाऊस होता, तिच्या रबरी चपला घसरड्या होत्या, सगळं खरं. पण बटणावर अंगठा माझा होता."

"मग तू काय सांगितलंस?"

"अंगठा माझा, म्हणून." सूप ढवळलं माझं. "गार होतंय."

लहानपणी शाळेत कॅथलिक मुलींना कॅटेकिझम, म्हणजे त्यांचं धर्मशिक्षण, आणि आम्हा हिंदू मुलींना त्या तासाला मॉरल सायन्स. मागच्या वर्गात, खिडकीशी. सिस्टरचा एकच नियम: विचारायच्या आत उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं. पुटपुटलेलं धरत नसत. एकदा मी दौत फोडली आणि दोन दिवस गप्प राहिले. शेवटी दुसऱ्याच मुलीला उभं केलं. ती रडली, मी उभी राहिले. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दौत दोन पैशांची होती. दोन दिवस कुणाचे होते?"

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल सलवाला सांगितलं. घड्याळाचं सगळं. इंग्लिशमध्ये, अडखळत. आज उत्तर.

आधी हसली. खरंच हसली. "म्हणजे पाच महिने तू घरीच होतीस की, खाल्ती! आम्हाला वाटलं आमच्याकडे आहेस."

मग आवाज बदलला. कुणालाही सांगायचं नाही. परदेशी नर्सची चूक निघाली की संस्था शाळा बंद करणार, मागे शेजारच्या गावात तसंच झालं. शाळा बंद म्हणजे तीस मैलांत पट्टा बांधणारं कुणी नाही. "माझी नोकरी गेली तर मी दुसरं काही करीन. तू पाहुणी. पाहुण्यावर आळ येऊ देत नाहीत आमच्याकडे." मागून तिची आई काहीतरी विचारत होती. ती म्हणाली, काही नाही, काही नाही, मावशीचा फोन.

तिथे गावात तिला लोक काय म्हणतात ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पाय घालवणारी म्हणत असतील. आणखी काय म्हणणार.

शनिवार, ३० ऑगस्ट

मेघनाला फोनवर सांगितलं. तिच्या आवाजावरून कळलं की उभी होती ती बसली.

"ओके. ओके. आई, ऐक. हे कुणाला माहितीये?"

"मला. सलवाला. आरोहाला."

"आरोहाला? व्हाय?"

"सूप घेऊन आली होती."

मग खूप बोलली. रजिस्ट्रेशन जाईल. चाळीस वर्षांचं नाव जाईल. वकिलाशी आधी बोल. युद्ध होतं, आई, युद्धात चुका होतात, तुला तर पगारसुद्धा नव्हता. आणि ती मुलगी स्वतःच म्हणतेय ना, की मी लिहिलं?

"तेच तर."

"तेच तर काय?"

"तेच तर चुकीचं आहे ना गं."

मग रडत म्हणाली, "बाबा असते तर तुला जाऊच दिलं नसतं तिकडे."

बाबा असते तर मी गेलेच नसते, हे मी बोलले नाही. रिकामं घर सोसवत नव्हतं म्हणून गेले. सेवा वगैरे नंतर. हे एवढं तरी इथे खरं लिहावं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

नऊ वीसची ट्रेन घेऊन वेलिंग्टनला. डावीकडे पाणी, वारा नेहमीचा. समोर एक जण मांडीवर लॅपटॉप घेऊन झोपलेला. याच ट्रेनने अरविंद वीस वर्षं गेला. डबा पायांशी. उतरताना डबा विसरायचा, आठवड्यातून एकदा तरी.

मला तिकडे पाठवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसमध्ये हेलन म्हणून बाई. माझ्याहून लहान. चहा दिला. मी बसले नाही. उभं राहूनच सांगितलं. तिला वाटलं असेल पाठ दुखतेय.

"तुम्हाला कुणी याबद्दल विचारलं होतं का?"

"मला नाही. सलवाला विचारलंय."

लिहून घेतलं. घड्याळ पाहायला मागितलं. टेबलावर ठेवलं मी. दोघी त्याच्याकडे पाहत राहिलो, जणू तेच काही बोलेल. ती म्हणाली, हॉस्पिटलला आजच लेखी कळवते की चूक सलवाची नाही. माझ्याबद्दल वेगळी चौकशी होईल. तोवर त्यांच्यातर्फे कुठेही जाता येणार नाही. आणि नंतरही बहुधा नाही.

"शाळा बंद करणार का?"

"ते माझ्या हातात नाही, मिसेस देशमुख."

जबाबावर सही केली. प्रती मागून घेतल्या.

येताना ट्रेन रिकामी. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

शनिवार, ६ सप्टेंबर

परवा संध्याकाळीच सलवाला कळवलं. ती रागावली. पहिल्यांदाच नुसतं "सुलभा" म्हणाली. "मी तुला सांगितलं होतं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस. माझं नाव होतं, मी माझ्या हाताने दिलं होतं. परत का केलंस?"

तिचंही खरं आहे. मी दोन दिवस विचार करतेय. मोठेपणा केला का मी? इथे, गॅसची शेगडी, नळाला गरम पाणी, उभं राहून सांगितलं आणि घरी आले. तिथे तिला रोज दाराबाहेर पडावं लागतं.

पण तिला तशीच ठेवली असती तर?

मंगळवार, ९ सप्टेंबर

पुन्हा आवाज. राग नाही. घाई आहे. "खाल्ती, उत्तरेकडून येताहेत. सगळे निघायचं म्हणताहेत. चौकशीबिकशी कुठली, हॉस्पिटलातलेच लोक निघालेत. तुमचं पत्र आलं का मला माहीत नाही, कॉम्प्युटर बंद आहेत. आईला घेऊन निघीन. हलीमाच्या भावाच्या घरी जाऊन आले. तिला ट्रकमध्ये चढवायचं कसं, तेच बघतोय. कुबड्या एका बाजूला, ती एका बाजूला." मागे गाड्यांचे आवाज. "तुझ्याकडे किती वाजले?"

मी लगेच सांगितलं. पावणेसहा. तुझ्याकडे पावणेआठ.

एकच टिक. पोचलं नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

एकच टिक.

बातम्यांत ते गाव दोनदा आलं. नाव चुकीचं उच्चारलं.

हेलनचा फोन. शाळा त्यांनी बंद केली नाही. शाळाच राहिली नाही. छप्पर नाही. माणसं आधीच निघाली होती असं ऐकलंय, "ऐकलंय" हे तिने दोनदा म्हटलं. पत्र पोचलं का, कुणी वाचलं का, काही माहीत नाही.

म्हणजे त्या गावातून जे कुणी निघालं असेल, वाटेत, तंबूत, पाण्याच्या रांगेत, त्यांच्या लेखी अजून सलवानेच पाय घालवला. पत्र एका बंद कॉम्प्युटरमध्ये.

आणि दोन पाय असते तर हलीमा ट्रकमध्ये आपली आपण चढली असती.

रविवार, २८ सप्टेंबर

आज सगळीकडे घड्याळं एक तास पुढे. मायक्रोवेव्ह, बेडरूम, अरविंदचं भिंतीवरचं. छातीवरचं मी आज लावलं नाही. ड्रॉवरमध्ये आहे. चावी मात्र रोज देते. बंद पडू द्यावंसं वाटत नाही.

इरा व्हिडिओवर. मेघनाने तिला काहीतरी सांगितलंय.

"आजी, इज द लेडी मॅड ॲट यू?"

"माहीत नाही, बाळा. भेटल्यावर कळेल."

"व्हेअर इज शी?"

"ते पण माहीत नाही."

"देन यू हॅव टू गो लुक," म्हणाली. चित्र काढता काढता. मागे मेघनाचा आवाज, "इरा!"

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सीमेपलीकडच्या गावात नन्सचं एक आश्रयघर आहे. तिकडून निघालेले लोक तिथे येतात. मागच्या आठवड्यात त्यांना पत्र लिहिलं, शाळेत शिकवलेल्या वळणाच्या अक्षरात, स्कॅन करून. कोण मी, काय केलं, नर्स म्हणून नका घेऊ, भांडी घासेन, शिवेन.

आज उत्तर. रोज पायी लोक येताहेत. आल्यावर नाव लिहून घेतात. यादीत सलवा नावाच्या सहा आहेत, पण म्हाताऱ्या आईबरोबर आलेली एकही नाही. त्या बाजारातल्या काही बायका मात्र आहेत. शिंपिणीबद्दल लिहिलंय: "एक पाय नसलेल्या बायका आमच्याकडे बऱ्याच आहेत. तुम्हालाच येऊन पाहावं लागेल. हात कमी आहेत. या."

मेघनाला वाचून दाखवलं. वाटलं ओरडेल.

"तू चौसष्टची आहेस."

"हो."

"बीपीच्या गोळ्या किती महिन्यांच्या मिळतील?"

"तीन."

"मी विचारते फार्मसीत." मग, "आई, हे प्रायश्चित्त वगैरे आहे का?"

नाही. सलवाने आळ घेतला तो सगळ्यांच्या देखत. माझं सांगणं एका ऑफिसात, दार लावून, चहाबरोबर. ते पुरत नाही. ज्यांनी तिला बोल लावले त्यांच्यापुढे कुणीतरी उभं राहून सांगायला हवं. ती सापडो न सापडो. हे फोनवर नीट जमलं नाही सांगायला. "तसं नाही गं," एवढंच म्हटलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मशीन बांधली. हँडल काढून वेगळं, टॉवेलात. लाकडी तळ ठेवला इथेच, वजन फार. तरी अकरा किलो. माझे कपडे चार.

आरोहा बॅग गाडीपाशी नेऊन पाहत होती. "आत काय आहे, सुलू?"

"मशीन. हाताने चालते. पाय लागत नाही."

मग बॅग हलकेच खाली ठेवली, मूल ठेवावं तशी. उद्या सकाळी तीच सोडणार एअरपोर्टला. म्हणते, चाळीस वर्षांत वेळेवर पोचवलं नाही असं एकदाही झालं नाही, मग जीभ चावली. मी हसले. दोघी हसलो.

व्हॉट्सॲपवर पावणेसहाच्या निरोपाला अजून एकच टिक.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळ

आरोहा यायला पाऊण तास आहे. मेघना, हे तुझ्यासाठी. टेबलावर वही ठेवून जाते.

किल्ली आरोहाकडे. लिंबं तिने तोडावीत, झाडावर वाळू देऊ नयेत. माझा मोठा कुकर तिलाच, तिला कधीपासून हवाय आणि मागत नाही.

बाबांचे स्वेटर तुला. थंड पाण्यात धुवायचे. निळ्याच्या कोपराला भोक आहे, रफू करायचं राहून गेलं. त्यांचा डबा फडताळात वरच्या कप्प्यात. तो कुणाला देऊ नकोस. वापर.

वाकडे पडदे काढलेस तर काढ. मी बोलणार नाही.

घड्याळ इराला. काल दुपारी तिकडच्या वेळेवर लावलंय. आता मी काय करत असेन ते तिने पाहावं. रोज चावी, सकाळी, दात घासल्यावर. काटे मी येईपर्यंत हलवायचे नाहीत. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रबरी पट्ट्याचं एक साधं घेतलंय. त्यावर एकच वेळ असेल, तिथली.

मशीन हलीमाला. माझ्या हातून पोचली नाही तर नन्सच्या हातून. कशाबद्दल ते तिला आधी सांगायचं, मग मशीन पुढे करायची. उलट नाही. नको म्हणाली तर आग्रह करायचा नाही, दाराशी ठेवूनही यायचं नाही. ज्या बाईला हवी असेल तिला द्यायची.

ही वही तुझ्याजवळ. सलवा कधी बोलली तुझ्याशी तर तिला वाचून दाखव, इंग्लिश करून. परत का केलंस, असं तिने मला विचारलं होतं ते पण, आणि मला उत्तर आलं नाही ते पण. गाळू नकोस काही.

सहीच्या जबाबाच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या बॅगेत, एक नन्सना पोस्टाने गेली, एक इथे, वहीच्या मागच्या खिशात. तो सलवाचा. ती नसेल तर तिच्या आईचा. आई पण नसेल तर त्या बाजारातल्या ज्या कुणी बायका असतील त्यांना एकत्र बसवून द्यायचा. नुसता हातात द्यायचा नाही. कुणीतरी उभं राहून वाचायचा, त्यांच्या भाषेत, शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा.